दोन्हीकडे चारच बाइट

सी भाषेतला कोड कंपाइल करताना एरर असा आला की ‘यूइंट३२_टी’ (३२ बिटच्या, उणे न होणाऱ्या पूर्णांकाचा टाइप) ह्या नावासाठी कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स, म्हणजे एकमेकांशी न जुळणारे टाइप, सापडले, आणि खाली टीप, आधीचं डिक्लेरेशन अमुक फाइलमधे, तमुक ओळीवर. आमच्या हेडरमधे, म्हणजे अनेक फाइल मिळून वापरतात त्या डिक्लेरेशनच्या फाइलमधे, लिहिलं होतं अनसाइन्ड इंट. टूलचेनच्या, म्हणजे कंपायलर आणि त्याच्याबरोबरच्या साधनांच्या, हेडरमधे उघडून बघितलं तर अनसाइन्ड लाँग. बोर्ड ३२ बिटचा, एआरएम प्रोसेसरचा, त्याच्यावर इंट पण चार बाइट आणि लाँग पण चार बाइट, दोन्ही एकाच रजिस्टरमधे बसतात, बेरजेची इन्स्ट्रक्शन पण तीच. मग भांडण कशाचं? मी तासभर स्क्रीनकडे बघून हेच म्हणत होते, की बाबा रे, दोन्हीकडे चारच बाइट आहेत, तुला काय फरक पडतो.

ह्या कोडबद्दल थोडं सांगायला पाहिजे. कोड माझ्यापेक्षा खूप आधीचा, तीन-चार पिढ्यांच्या प्रोसेसरवरून फिरून आलेला. सुरुवात १६ बिटच्या मायक्रोकंट्रोलरवर, मग ३२ बिट, आणि आता माझ्या वाटणीला आलं होतं ते जुना विकतचा कंपायलर सोडून जीसीसी हा मोफत कंपायलर आणि न्यूलिब ही सी लायब्ररी ह्यांच्यावर हे सगळं आणणं. त्यातलं आमचं टाइप्सचं हेडर म्हणजे उत्खननच. सगळ्यात खालचा थर, ‘यू३२’ म्हणजे अनसाइन्ड लाँग, आणि शेजारी कॉमेंट, ‘इथे इंट १६ बिटचा आहे’. त्याच्यावर दुसऱ्या कोणीतरी नंतर टाकलेलं ‘यूइंट३२_टी’ म्हणजे अनसाइन्ड इंट, कारण तो जुना कंपायलर सी९९ च्या, म्हणजे १९९९ च्या सी स्टँडर्डच्या, आधीच्या काळातला, त्याच्याकडे ठरावीक रुंदीचे टाइप देणारा एसटीडीइंट हेडरच नव्हता, मग ह्यांनी घरीच बनवला. मी ती १६ बिटवाली कॉमेंट वाचून हसले आणि ओळ उडवून टाकली. ‘यू३२’ पण सरळ अनसाइन्ड इंट करून टाकला. साफसफाई.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते पण सांगते. टूलचेनच्या फोल्डरमधे आत आत जाऊन, जिथे कंपायलरचे स्वतःचे हेडर राहतात, तिथे जाऊन मी लाँगचं इंट केलं. बिल्ड झाला. एकदम हिरवागार. मी लॅपटॉप मिटला आणि त्या दिवशी छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी बिल्ड सर्व्हरवर तोच एरर, कारण तिथल्या टूलचेनला माझी ही करामत माहीतच नाही. तो कसाबसा गप्प केला तर पुढे लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणारा, बोंबलायला लागला, अनडिफाइन्ड रेफरन्स. आमच्यात थोडं सी प्लस प्लस पण आहे आणि एक तयार बिल्ड केलेली लायब्ररी पण, आणि सी प्लस प्लसमधे फंक्शनच्या नावातच आर्ग्युमेंटचे टाइप गुंफलेले असतात, अनसाइन्ड इंट असेल तर नावात ‘जे’ येतो आणि अनसाइन्ड लाँग असेल तर ‘एम’. लायब्ररी बनवताना खरा हेडर होता, म्हणजे नावात ‘एम’. माझ्या बदललेल्या हेडरने बनलेला कोड ‘जे’ शोधत होता. दोन्ही फंक्शन तीच, नावं वेगळी, आगीतून फुफाट्यात.

आमच्याकडे एक सीनियर होते, फार बोलायचे नाहीत. मी त्यांना दाखवलं आणि म्हटलं, सर, साइझ सेम आहे ना, मी सगळीकडे कास्ट टाकून, म्हणजे जबरदस्तीने टाइप बदलून, देऊ का. ते म्हणाले, “अगं, साइझ कोण विचारतंय तुला? टाइप विचारतोय तो.” आणि परत आपल्या कामाला लागले. मला तेव्हा राग आला होता. पण नंतर स्टँडर्डमधलं ते पान बघितलं तेव्हा कळलं की सी भाषेत इंट आणि लाँग हे वेगळे टाइप आहेत म्हणजे आहेतच, कुठल्या मशीनवर त्यांची रुंदी, रेंज, बिटांची मांडणी सगळं तंतोतंत जुळलं तरी पण. आणि ह्याला कारण आहे. स्टँडर्ड इंटला फक्त एवढंच बंधन घालतो की निदान ३२७६७ पर्यंत जायला पाहिजे, म्हणजे १६ बिट पुरे. लाँगने निदान २१४७४८३६४७ गाठायला पाहिजे. आज तुझ्या मशीनवर दोघं सारखे आहेत हा योगायोग, आणि योगायोगावर कंपायलरने टाइप एक मानला तर तोच कोड उद्या दुसऱ्या मशीनवर नेल्यावर कंपाइल होणार नाही. त्यापेक्षा इथेच भांडलेलं बरं.

आणि मग तो प्रश्न, न्यूलिबवाल्या एआरएमला लाँगच का सुचला? उत्तर असं की न्यूलिब छोट्या छोट्या प्रोसेसरवर चालायला बनलेली, तिथे इंट १६ बिटचा असू शकतो, मग ३२ बिट हवे तर लाँग घेणं सगळ्यात सेफ. म्हणजे अगदी तेच कारण जे आमच्या त्या अनोळखी माणसाने कॉमेंटमधे लिहिलं होतं. आमच्या अख्ख्या हेडरमधे टूलचेनशी जुळणारी ओळ एकच होती, सगळ्यात जुनी, आणि नेमकी तीच मी हसत हसत उडवली होती.

एकदा हे डोक्यात शिरल्यावर मी वेड्यासारखी सगळीकडे बघत सुटले. त्याच एआरएमवर लिनक्स टाकलं की जीसीसीचा यूइंट३२_टी अनसाइन्ड इंट होतो, बिनलिनक्सचा टार्गेट घेतला की अनसाइन्ड लाँग. तोच चिप, तोच कंपायलर. त्याच बिनलिनक्सच्या टार्गेटला क्लँग हा दुसरा कंपायलर वापरला तर तो म्हणतो अनसाइन्ड इंट. ६४ बिटवर गेलात तर इंट६४_टी लिनक्सवर लाँग आहे आणि मॅकवर लाँग लाँग, दोन्हीकडे आठ बाइट. आणि विंडोज ६४ बिट असूनही तिथे लाँग चारच बाइटचा, ते वेगळंच. कुठेही जा, पळसाला पानं तीन म्हणतात, पण लाँगच्या झाडाचं तसं काही नाही हो, दर मशीनला पानं मोजून घ्यावी लागतात. लिनक्स कर्नलवाल्यांनी ह्या कटकटीवर आपला उपाय काढला, त्यांचा ‘यू६४’ सगळ्या आर्किटेक्चरवर अनसाइन्ड लाँग लाँगच, म्हणजे निदान प्रिंट करताना फॉरमॅट एकच लिहायचा. बाकीच्यांनी इंटटाइप्स हेडरमधले, टाइपप्रमाणे योग्य फॉरमॅट भरून देणारे ते पीआरआय वाले कुरूप मॅक्रो वापरायचे. मला ते कधीच आवडले नाहीत, वाक्याच्या मधे स्ट्रिंग तोडून घुसवावे लागतात, पण वापरते, दुसरं करणार काय.

पण हे सगळं झालं बोलक्या भांडणाबद्दल. ज्याने मला खरं शिकवलं ते मुकं होतं.

पोर्टिंग जवळजवळ संपलं होतं. बोर्डाशिवाय टेस्ट करता यावी म्हणून आम्ही तोच कोड पीसीवर पण बिल्ड करायचो, सिम्युलेटर म्हणून, ६४ बिट लिनक्सवर. त्यात एक फंक्शन होतं, समजा ‘थांब’, किती मिलिसेकंद थांबायचं तो आकडा घेणारं, आणि उणे एक दिलं तर कायम थांबायचं, मेसेज येईपर्यंत. टेस्ट सगळ्या पास. वर्षभर पास. मी सहज एका लॉगमधे ‘उरलेला वेळ’ छापायची ओळ टाकली आणि पाच सेकंदांनी तिथे आलं ४२९४९६२२९५.

कायम थांबणाऱ्याला उरलेला वेळ कुठून आला?

पाच सेकंद म्हणजे ५००० मिलिसेकंद, ते परत मिळवले की ४२९४९६७२९५. ज्यांनी सीमधे चार दिवस काढलेत त्यांना हा आकडा फोन नंबरसारखा पाठ असतो, ३२ बिट सगळे एक. म्हणजे उणे एक, पण कोणीतरी त्याची उण्याची खूण काढून घेतलेली. मी आधी साइन्ड-अनसाइन्डचा घोळ शोधत बसले, दोन तास त्यात गेले, कुठेच अनसाइन्ड नाही. शेवटी कंपायलरने काढलेली असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या सूचना, उघडली. बोलावणाऱ्या बाजूला एकच ओळ, ईडीआय रजिस्टरमधे उणे एक टाक. ईडीआय म्हणजे आरडीआय ह्या ६४ बिट रजिस्टरचा खालचा अर्धा भाग, आणि ह्या प्रोसेसरचा नियम असा की खालच्या ३२ बिटमधे लिहिलं की वरचे ३२ आपोआप शून्य होतात. आणि दुसऱ्या बाजूला, ‘थांब’च्या आत, तुलना चालली होती पूर्ण आरडीआयशी, चौसष्टच्या चौसष्ट बिट.

म्हणजे बोलावणारा समजत होता इंट, आणि फंक्शन समजत होतं लाँग. हेडरमधल्या डिक्लेरेशनमधे इंट लिहिलेलं, आणि फंक्शन जिथे खरं लिहिलंय त्या डेफिनिशनमधे लाँग. बोर्डावर दोघं चार बाइटचे, तिथे उणे एक उणे एकच राहायचा. पीसीवर लाँग आठ बाइटचा, वरचा भाग शून्य, तेव्हा फंक्शनला दिसायची एक भलीमोठी धन संख्या, शून्यापेक्षा लहान आहे का ही तपासणी खोटी, आणि मग ते बिचारं प्रामाणिकपणे ४२९४९६७२९५ मिलिसेकंद थांबायला बसायचं. हिशोब केला, साधारण ४९.७ दिवस. हाच तो आकडा ज्यामुळे विंडोज ९५ एवढे दिवस सलग चालू ठेवलं की अडकायचं, तिथे मिलिसेकंदांचा ३२ बिट काउंटर भरायचा. आमची कुठलीच टेस्ट ४९ दिवस चालत नव्हती, मेसेज काही सेकंदांत यायचाच, तेव्हा कायम आणि एकोणपन्नास दिवस ह्यात फरक कोणाला कळणार.

आणि कंपायलरने हे कसं सोडलं? ह्याचं उत्तर इतकं साधं आहे की चिडचिड होते. ज्या फाइलमधे ‘थांब’ लिहिलं होतं त्या फाइलने स्वतःचाच हेडर इन्क्लूड केला नव्हता. कंपायलर एका वेळी एकच फाइल बघतो. बोलावणाऱ्या फाइलमधे त्याला फक्त इंटवालं डिक्लेरेशन दिसलं, त्याने त्यावर विश्वास ठेवला. डेफिनिशनच्या फाइलमधे फक्त लाँग दिसलं, ठीक. दोन्ही कधी समोरासमोर आलेच नाहीत. आणि सीमधे लिंकरकडे टाइपची काही माहितीच नसते, त्याला फक्त नाव दिसतं, ‘थांब’ हवं, ‘थांब’ आहे, जोडून टाक. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. सी प्लस प्लसच्या ज्या गुंफलेल्या नावांना मी आधी शिव्या घातल्या होत्या त्यांनी इथे लगेच पकडलं असतं, हे पण कबूल करते.

मी ती एक इन्क्लूडची ओळ टाकली आणि त्या क्षणी तोच ओळखीचा एरर, कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स. ह्यावेळी मला तो बघून इतका आनंद झाला की विचारू नका.

मग म्हटलं, एक आहे तर अजून असणार. डिक्लेरेशन न बघता लिहिलेल्या प्रत्येक फंक्शनवर ओरडणारी वॉर्निंग जीसीसीत असते, मिसिंग प्रोटोटाइप्स नावाची, ती चालू केली. स्क्रीन भरून गेली. काही ठिकाणी तर लोकांनी हेडर इन्क्लूड करायचा कंटाळा म्हणून फाइलच्या डोक्यावर हाताने एक्सटर्न, म्हणजे ‘हे दुसऱ्या फाइलमधे आहे’ असं डिक्लेरेशन, लिहून ठेवलेलं, आठवेल तो टाइप टाकून. त्यात एक व्हेरिएबल सापडलं, मूळ डेफिनिशन इंट आणि एक्सटर्न केलेलं लाँग म्हणून. पीसीवर ते वाचताना आपल्या चार बाइटबरोबर शेजाऱ्याचे चार बाइट पण उचलून आणायचं. शेजारी नेमका बहुतेक वेळ शून्य असलेला फ्लॅग होता, म्हणून आकडा बरोबर यायचा. फ्लॅग एक झाला की आकडा चारशे एकोणतीस कोटींनी उडी मारायचा. आणि उलट केस, मूळ लाँग आणि वाचायचं इंट म्हणून, ती लिटल एंडियन मशीनवर बरेचदा दिसतच नाही, खालचे बाइट आधी असतात ना, छोटे आकडे बरोबर वाचले जातात. बिग एंडियनवर तोच कोड सरळ शून्य दाखवेल. एंडियननेस असा पदर घालून झाकतो म्हणून हे घोळ वर्षानुवर्षं राहतात.

ही यादी घेऊन बसलं की खरा प्रश्न येतो, बदलायचं कोणाला? हेडरमधलं डिक्लेरेशन का डेफिनिशन? माझा पहिला झटका असतो जे कमी ठिकाणी बदलावं लागेल ते बदल, म्हणजे हेडर. हे चुकीचं निघू शकतं. ‘थांब’च्या बाबतीत मी आधी हेडरमधे लाँग केलं, एरर गेला, आणि मग लक्षात आलं की ज्या फंक्शनने आकडा आणून द्यायचा ते आतून इंट६४ देतंय, बोर्डावर लाँगमधे तो कापला जाणार. शेवटी दोन्हीकडे इंट६४_टी लिहिलं. म्हणजे दोन्ही पक्ष चुकले होते, निवाडा तिसराच. प्रत्येक ठिकाणी बसून विचारावं लागतं की हा आकडा खरंच किती मोठा होऊ शकतो, उणे होऊ शकतो का, ह्याला शॉर्टकट मला तरी सापडला नाही.

कास्टबद्दल तेवढं बोलते. साधी किंमत असेल तर कास्टने निदान काम चालतं. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, असेल तर ते प्रकरण वेगळं. यूइंट३२_टी चा पॉइंटर मागणाऱ्या फंक्शनला अनसाइन्ड इंटचा पॉइंटर दिला, कंपायलर कुरकुरला, आपण कास्ट टाकून तोंड बंद केलं, ह्यात वाईट असं की ऑप्टिमायझेशन लेव्हल दोनपासून पुढे जीसीसी धरून चालतो की इंटचा पॉइंटर आणि लाँगचा पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवणारच नाहीत. चार बाइट असोत नाहीतर काही असो. मग तो लिहिणं-वाचणं मागेपुढे करतो आणि तुम्ही डीबग बिल्डमधे शोधत बसता, तिथे काहीच घडत नाही. जीसीसी १४ पासून असे न जुळणारे पॉइंटर बाय डिफॉल्ट एररच आहेत, आधी फक्त वॉर्निंग होती. २०२४ मधे तो बाहेर आला तेव्हा बरेच जुने प्रोजेक्ट बिल्ड व्हायचे थांबले आणि लोक वैतागले. मी नाही वैतागले.

आता टाइपच्या हेडरचं. मी आता कुठल्याही हेडरमधे स्वतःच्या मनाने साइझ_टी, म्हणजे मेमरीतला आकार मोजायचा टाइप, लिहीत नाही. एकदा घरी हौस म्हणून छोटी लायब्ररी लिहीत होते, साइझ_टी म्हणजे अनसाइन्ड इंट असं ठोकून दिलं, आणि ६४ बिटवर कंपायलरने मेमकॉपीच्या ओळीवर वॉर्निंग दिली की हे बिल्टइन फंक्शनशी जुळत नाही, मला इथे लाँग अनसाइन्ड इंट अपेक्षित होता. बघा, त्याला माहीतच असतं! आपणच विचारत नाही. जीसीसी आणि क्लँग दोघांकडे आधीच डिफाइन केलेले मॅक्रो असतात, पुढेमागे दोन-दोन अंडरस्कोर लावलेले साइझ टाइप, यूइंट३२ टाइप, असे. रिकामी फाइल प्रीप्रोसेसरला देऊन ‘डॅश डीएम डॅश ई’ म्हटलं की अख्खी यादी बाहेर पडते, ती एकदा वाचावी प्रत्येकाने, अर्धा तास जाईल. हेडरमधे त्या मॅक्रोवरून टाइपडेफ करायचा, म्हणजे टाइपला आपलं नाव द्यायचं, की जो कंपायलर येईल तो आपलं उत्तर आपण देईल. आणि साधा उपाय म्हणजे एसटीडीइंट इन्क्लूड करा आणि घरचे टाइपडेफ फेकून द्या. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, तसे आमचे ते यूइंट३२_टी होते, नाव स्टँडर्डचं आणि आत स्वतःचं.

टाइपडेफची एक ओळ किती लांब जाते ते बघायचं तर टाइम_टी, वेळ साठवायचा टाइप, बघा. ३२ बिटचा टाइम_टी १९ जानेवारी २०३८ ला भरतो, म्हणून तो ६४ बिट करायचा, हेडरमधे एक शब्द. पण लायब्ररी एका हेडरने बनलेली आणि प्रोग्राम दुसऱ्या, तर दोघांचे स्ट्रक्चर जुळत नाहीत आणि लिंकर पुन्हा मूग गिळून गप्प. डेबियन ह्या लिनक्स वितरणाने २०२४ मधे ३२ बिट एआरएमसाठी हे केलं तेव्हा ढिगाने लायब्ररी पॅकेजना नावाच्या शेवटी ‘टी६४’ जोडावं लागलं, म्हणजे जुनं आणि नवं चुकूनसुद्धा एकमेकाला भेटू नये. टाइप नावात घालायचा, इथे पण शेवटी तेच करावं लागलं.

आमचं ते टाइप्सचं हेडर आता आठ-दहा ओळींचं उरलंय. ‘यू३२’ ठेवलाय, कारण तो हजारो ठिकाणी वापरलाय, पण तो आता एसटीडीइंटमधल्या यूइंट३२_टी वरून येतो. आणि ती कॉमेंट मी जुन्या हिस्टरीतून शोधून परत चिकटवली, ‘इथे इंट १६ बिटचा आहे’. आमच्या कुठल्याच बोर्डावर इंट १६ बिटचा नाही. रिव्ह्यूत दर वेळी कोणीतरी नवीन मुलगा विचारतो, ही कॉमेंट चुकीची आहे ना, काढू का? मी त्याला म्हणते, आधी टूलचेनचा हेडर उघडून लाँग का आहे ते शोधून ये. बहुतेक जण एक-दोन तासांनी येतात आणि काही न बोलता दुसऱ्या फाइलकडे वळतात.